समासातले ठिपके

पट्टीवाल्या बाई कशा होत्या, असं नकाशेवाल्याला कोणी विचारलं तर त्याला खरं उत्तर एकच देता येईल. त्या त्याला फारशा कळल्याच नव्हत्या. सव्वीस वर्षं दोघं शहराच्या एकाच पाणीपुरवठा कार्यालयात नोकरीला होते, पण बाईंचं काम नदीवर आणि त्याचं दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या उतरत्या टेबलाशी. महिन्याच्या पहिल्या तारखेला बाई जिना चढून येत, कापडात गुंडाळलेली नोंदवही त्याच्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवत आणि म्हणत, "आणली." तो म्हणे, "ठेवा." जिन्याने दम लागलेला असला तर बाई पाणी पीत, भांडं पालथं घालून ठेवत आणि जात. सव्वीस वर्षांतलं सगळं बोलणं एकत्र केलं असतं तरी त्यानं एक दुपार भरली नसती.

त्यांचं काम काय, हे मात्र त्याला पाठ होतं. पादचारी पुलाच्या खांबावर पांढऱ्या पत्र्याची एक पट्टी ठोकलेली होती, काळ्या रेघांची आणि आकड्यांची. रोज सकाळी सात वाजता पुलाशेजारच्या दगडी पायऱ्या उतरून पाणी पट्टीवर कितीला आहे ते बघायचं आणि वहीत लिहायचं. एवढंच. पाणी हलतं, म्हणून बाई तीनदा बघत आणि मधला आकडा लिहीत. उभ्यानं बघितलं तर आकडा फसवतो, म्हणून पायरीवर उकिडवं बसून, डोळे पाण्याच्या पातळीला आणून बघत. वही गुडघ्यावर, हातात कडक शिशाची पेन्सिल, कारण शाई ओली झाली की पसरते. सुट्टीच्या दिवशीही नदी वाहतेच, असं त्या म्हणत, आणि सुट्टीच्या दिवशीही जात.

ती वही आली की नकाशेवाला तिची स्वच्छ प्रत करी. मोठ्या खतावणीसारख्या जाड पुस्तकात, टाकानं, एकसारख्या अक्षरात. मग वर्षाअखेर आलेखाच्या कागदावर वर्षभराची रेघ काढी. त्याच्या अक्षराची कार्यालयात ख्याती होती. त्याला स्वतःला दुसऱ्या कशाचा अभिमान नव्हता, पण एवढा होता.

बाई निवृत्त झाल्या, पुलावर पातळी नोंदवणारं एक यंत्र बसलं आणि दोन वर्षांनी नवी योजना आली. पुलाच्या वरच्या अंगाला नदीत विहीर बांधायची, तिथून पाणी उपसून टेकडीवरच्या टाकीत चढवायचं आणि शहराच्या वाढलेल्या भागाला द्यायचं. काम सरकारी निधीतून, त्यामुळे आधी पर्यावरणाची तपासणी. तो अहवाल तयार करायची जबाबदारी ज्यांच्यावर होती त्या अभियंता मॅडम पस्तिशीच्या, भरभर बोलणाऱ्या, दुपारचा डबाही उभ्यानंच खाणाऱ्या. त्यांनी भिंतीवर एक लांब यादी चिकटवली होती. कुठली झाडं पडणार, कुठले पक्षी तिथे घरटी करतात, धूळ किती उडेल, आवाज किती होईल, जुनी बांधकामं कोणती, मासे कोणते, खालच्या वस्तीचं काय, दुसरे पर्याय कोणते पाहिले. एकेक पूर्ण झालं की त्या लाल पेन्सिलनं फुली मारत. नकाशेवाल्यानं या सगळ्यासाठी वीस नकाशे काढले. त्यात झाडंसुद्धा मोजून दाखवली होती, एकशे चौदा.

शेवटी यादीत एकच ओळ उरली. नदीचं कमीत कमी पाणी. त्याला उत्तर तयारच होतं, कारण सव्वीस वर्षांच्या प्रती त्याच्या कपाटात रांगेनं उभ्या होत्या. कडक उन्हाळ्यात पाणी पट्टीच्या शून्यापर्यंत उतरतं, तिथे थांबतं आणि पुन्हा चढतं. शून्य पातळीला पुलाखालच्या डोहात पाणी पुरेसं असतं. म्हणजे बारा महिने उपसा चालू ठेवायला हरकत नाही. मॅडमनी तसं लिहिलंही.

"काका, आता फक्त बाईंची सही," त्या म्हणाल्या. "नोंदी स्वतः घेतल्या आणि खऱ्या आहेत, एवढं एक पान. तुम्ही ओळखता ना त्यांना?"

"ओळखतो की," तो म्हणाला, आणि जिना उतरताना त्याच्या लक्षात आलं की बाई कुठे राहतात हेसुद्धा आपल्याला मस्टरवरच्या पत्त्यात बघावं लागलंय. अहवाल द्यायला अकरा दिवस होते. ही मुदत चुकली तर पुढची संधी दोन वर्षांनी.

दार बाईंच्या वहिनींनी उघडलं. हात पिठाचे होते.

"कोण हवंय?"

"बाई आहेत का? पाणीपुरवठ्यातून आलोय."

"पाणी तर येतंय आम्हाला."

"तसं नाही. एक सही हवी होती."

"अगंबाई, मग आत या ना. अहो वन्सं, तुमच्या कार्यालयाला आठवण झाली बरं का तुमची. दोन वर्षांत पहिल्यांदा."

बाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या होत्या, एक पाय दुसऱ्या खुर्चीवर लांब करून. गुडघ्याला पट्टा बांधलेला. त्यांनी पाय खाली घेतला आणि समोरची खुर्ची दाखवली. त्यानं सहीचं पान पुढे केलं, पेन उघडून दिलं. बाईंनी पेन बाजूला ठेवलं.

"बसा भाऊ. आधी नोंदी बघते."

"सगळ्या?"

"सही सगळ्यांवर आहे ना."

त्यानं पिशवीतून आलेखांचे सव्वीस कागद काढले. बाईंनी चष्मा लावला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. प्रत्येक रेघेवरून बोट फिरवत, मधेच थांबत, जणू पायऱ्या उतरताहेत. वहिनींनी चहा ठेवला, चहा गार झाला, त्यांनी तो पुन्हा गरम केला.

"सव्वीस वर्षं पाण्याकडे बघत बसली ही बाई," वहिनी त्याला म्हणाल्या, "माणसांकडे बघायचं राहूनच गेलं. लग्नाला एक जण आला होता, त्याला म्हणे सकाळी सातला नदीवर भेटा."

"आला होता तो," बाई मान वर न करता म्हणाल्या. "घसरला."

नकाशेवाल्याला हसू आलं. बाई अशा बोलतात, हे त्याला माहीतच नव्हतं. तेवढ्यात त्यांनी कागदांचा गठ्ठा सरळ केला आणि त्याच्यापुढे सरकवला.

"अक्षर सुंदर आहे. पण हे माझं नाही."

"म्हणजे?"

"माझे ठिपके कुठे आहेत?"

तो म्हणाला, "कुठले ठिपके?"

बाईंनी शांतपणे सांगितलं. पट्टी शून्याला संपते. पायऱ्या संपत नाहीत, त्या डोहाच्या तळापर्यंत आणखी सात आहेत. पाणी शून्याच्या खाली गेलं तर काय लिहायचं, असं त्यांनी पहिल्याच उन्हाळ्यात त्या वेळच्या साहेबांना विचारलं होतं. वहीच्या मुखपृष्ठावर छापलंय तेच, साहेब म्हणाले: शून्याखाली असल्यास शून्य लिहावे. मग त्यांनी शेजारी समासात पायऱ्यांचा आकडा लिहून ठेवला. साहेब रागावले. सरकारी वही आहे, समासात काहीही लिहायचं नाही.

"मग मी लिहिलं नाही," बाई म्हणाल्या. "नुसते ठिपके दिले. उघडी पडलेली पायरी एक, तर ठिपका एक. साहेबांनी लिहायला बंदी केली होती, ठिपक्यांना नाही."

"आणि तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत?"

"कोणी विचारलं नाही. मला वाटायचं, वही तुमच्याकडे जाते, तुम्हाला दिसतंच आहे."

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं आलेख पिशवीत भरले आणि मूळ वह्या बघायला उद्या कार्यालयात याल का, एवढं विचारलं.

घरी जाताना त्याला सगळं आठवत होतं. ते तिळाएवढे ठिपके त्यानं पाहिले होते. बाई पेन्सिलचं टोक बघायला कागदावर टेकवत असतील, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. पुढची बरीच वर्षं प्रत करताना त्यानं ते सोडून दिले, एवढं ठीक होतं. पण पहिली सहा वर्षं त्यानं त्याहून जास्त केलं होतं. तो तेव्हा नवा होता, हौशी होता, आणि कागदावर डाग त्याच्यानं बघवत नसे. वही कपाटात ठेवण्याआधी त्यानं रबर घेऊन ते ठिपके एकेक करून, मनापासून, खोडले होते. सहाव्या वर्षी रबरानं एक पान फाटलं, साहेबांची बोलणी खावी लागली, तेव्हा तो खोडायचा थांबला.

त्याच्या बायकोनं जेवताना विचारलं, "काय झालं? भाजीत मीठ नाही, हे तुम्हाला आज कळलंसुद्धा नाही."

"उद्या बाई येणार आहेत कार्यालयात," तो म्हणाला. तेवढंच.

दुसऱ्या दिवशी बाई कठड्याला धरून दोन्ही मजले चढल्या. मॅडमनी सव्वीस वर्षांच्या वह्या टेबलावर मांडून घेतल्या. शेवटच्या वीस वर्षांच्या वह्यांत ठिपके होते, उन्हाळ्याच्या पानांवर, डाव्या समासात, ओळीनं. कुठे एक, कुठे दोन, एका वर्षी लागोपाठ अकरा दिवस चार. मॅडमनी ते मोजून पाहिले. मग त्यांनी पहिल्या सहा वर्षांच्या वह्या उघडल्या. समास कोरे होते.

"इथे नाहीत," त्या म्हणाल्या.

बाई पुढे वाकल्या. एक पान, दुसरं, तिसरं. "होते," त्या म्हणाल्या.

"बाई, मी तुमच्यावर अविश्वास दाखवत नाही. पण तपासणीला बसणारी माणसं तुम्हाला ओळखत नाहीत. चौथ्या वर्षी सगळ्यात कडक उन्हाळा पडला होता, हे तर जुन्या वर्तमानपत्रांतसुद्धा आहे. आणि नेमक्या त्याच वर्षी एकही ठिपका नाही. उद्या कोणी म्हणालं, हे ठिपके मागाहून दिलेत, तर मी काय दाखवू? एकदा ठिपके संशयास्पद ठरले की सगळ्या वह्याच संशयास्पद ठरतात."

"त्या वर्षी पाच पायऱ्या उघड्या होत्या," बाई म्हणाल्या. "डोहात मधे कंबरभर पाणी उरलं होतं. मासे सगळे तिथे गोळा झालेले, हातानं धरता आले असते. त्यातलं पाणी उपसलं असतं तर काय उरलं असतं?"

"मी समजू शकते. पण कागदावर नाही ना."

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला आणि तेच पान पुन्हा बघितलं. सव्वीस वर्षं पाण्यावर विश्वास ठेवणारी ही बाई आता स्वतःच्याच वहीसमोर आरोपीसारखी बसली होती. नकाशेवाला खिडकीजवळ उभा होता. मॅडम त्याच्याकडे बघत नव्हत्या. बाईही बघत नव्हत्या. गप्प राहणं त्याला जन्मभर जमलं होतं. आताही ते अगदी सोपं होतं.

"मी खोडले," तो म्हणाला.

आवाज इतका बारीक निघाला की मॅडमनी विचारलं, "काय म्हणालात काका?"

"पहिल्या सहा वर्षांचे ठिपके होते. मी रबरानं खोडले. मला ते डाग वाटले. कागद स्वच्छ दिसावा म्हणून."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. बाईंनी मात्र त्याच्याकडे वळून विचारलं, "सगळे?"

"सगळे."

"बराच वेळ लागला असेल."

त्यांनी हे टोचून म्हटलं की सहज, ते त्याला पुढेही कधी ठरवता आलं नाही. पण त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच त्याला खाली बसावंसं वाटलं. बसला तो टेबलाशी, चौथ्या वर्षाच्या वहीसमोर. काहीतरी करायला हवं म्हणून त्यानं पान उलटलं आणि मागच्या बाजूनं समासावरून बोटाची पेरं फिरवली. सवय होती ती, कागदाचा पोत बघायची. आणि त्याचं बोट थांबलं.

"बाई, तुम्ही वही गुडघ्यावर ठेवून लिहायचात ना?"

"हो. आणि पेन्सिल कडक. दाबावं लागायचं."

रबरानं शिसं गेलं होतं. दाब गेला नव्हता. कागदाच्या पाठीवर बारीक उंचवटे होते, मोहरीच्या दाण्याहून लहान. त्यानं मॅडमचा हात धरायचं धाडस केलं नाही, पण बोटानं जागा दाखवली. मॅडमनी डोळे मिटून बोट फिरवलं.

"एक, दोन... पाच," त्या म्हणाल्या. "पाच आहेत काका." मग लगेच कामावर आल्या. "पण मूळ वहीवर काहीही घासायचं नाही हं. आता पुरे झालं तुमचं."

"नाही घासत," तो म्हणाला. टेबलाच्या खणातून त्यानं नकाशा गिरवायचा पातळ कागद काढला, पानाच्या पाठीवर हलकेच अंथरला, मऊ पेन्सिल आडवी धरली आणि वरून फिरवली. राखाडी रंगात पाच काळे ठिपके वर आले. त्यानं अठ्ठावीस वर्षं जे काम केलं होतं त्यात हे सगळ्यात छोटं होतं.

पुढचे आठ दिवस तो तेच करत होता. सहा वर्षांच्या उन्हाळ्यांची पानं, एकेक. प्रत्येक कागदाखाली त्यानं तारीख लिहिली आणि मॅडमनी साक्षीची सही केली. बाई रोज येत. पायऱ्या सगळ्या सारख्या उंचीच्या नाहीत, तिसरी चार बोटांनी बुटकी आहे, हे त्यांनीच सांगितलं. नकाशेवाला गजाची पट्टी घेऊन नदीवर गेला. दोन पायऱ्या उघड्या होत्या, तिसरीवर तो पाण्यात उभा राहून वाकला आणि मोजली. चार बोटांनी बुटकी होती. पुलावरून बाई बघत होत्या.

"डाव्या बाजूनं उतरू नका," त्या म्हणाल्या. "तिथेच घसरला होता तो."

मॅडमनी 'कमीत कमी पाणी' हे प्रकरण नव्यानं लिहिलं. शून्याखाली पहिली पायरी उघडी पडली की उपसा बंद, आणि त्या सहा-सात आठवड्यांसाठी टेकडीवर दुसरी टाकी. टाकीमुळे नवे नकाशे आले, वाढीव झाडं आली, यादीतल्या तीन फुल्या पुसाव्या लागल्या. शहराच्या एका भागाला पाणी पहिल्या टप्प्यात मिळणार नव्हतं, तेही लिहावं लागलं. मॅडम दोनदा म्हणाल्या, "काका, तुम्ही पंचवीस वर्षांपूर्वी दुसरा छंद लावून घ्यायला हवा होता." तो मान हलवी. अहवाल शेवटच्या दिवशी, कार्यालयं बंद व्हायच्या तासभर आधी गेला. त्यात बाईंची सही होती. त्याखाली नकाशेवाल्याचीही एक सही होती, ठिपके कोणी आणि का खोडले ते सांगणाऱ्या अर्ध्या पानाखाली. ते अर्धं पान लिहायला त्याला पूर्ण दिवस लागला होता. तोवर त्यानं स्वतःचं असं काही लिहिलंच नव्हतं.

चार महिन्यांनी तपासणी करणाऱ्यांकडून एकच प्रश्न आला: समासातील ठिपके आकड्यांत का लिहिले नाहीत? मॅडमनी उत्तर बाईंना विचारून पाठवलं. समासात लिहायला मनाई होती. त्यावर पुन्हा काही विचारणा झाली नाही आणि मंजुरी आली.

छापील अहवाल आल्यावर नकाशेवाला एक प्रत घेऊन बाईंकडे गेला. नवा आलेख त्यानं हातानं काढला होता. शून्याच्या रेघेखाली जागा ठेवून तिथे रेघ न ओढता ठिपके दिले होते, प्रत्येक दिवसाचे तेवढेच. वहिनी बाहेर गेल्या होत्या. बाईंचा पाय खुर्चीवर होता आणि या वेळी त्यांनी तो खाली घेतला नाही. त्या बराच वेळ बघत बसल्या.

"सहाव्या वर्षी एका दिवशी तीन होते," त्या म्हणाल्या. "इथे दोन आहेत."

"तिसरा सापडला नाही. फाटलं होतं ते हेच पान."

"मग बरोबर आहे. सापडले तेवढेच द्यायचे."

त्यांनी अहवाल मिटून टेबलावर ठेवला, वर चष्मा ठेवला. बाईंना घरात बसून कंटाळा येतो का, त्यांना नदीवर जावंसं वाटतं का, असं काहीतरी त्याला विचारायचं होतं. माफी तर त्यानं अजून शब्दांत मागितलीच नव्हती. तो उठला, चपला घातल्या, तेव्हा बाईंनी आतूनच विचारलं,

"आज पाणी कितीला होतं, बघितलंत का येताना?"

"पट्टीवर बावीस."

"उभ्यानं बघितलंत की बसून?"

"बसून."

"बरं. जाताना फाटकाची कडी लावून घ्या, भाऊ. शेजारचं कुत्रं शिरतं आत."

"लावतो," तो म्हणाला, आणि लावली.